मेव्हण्यावरची अकरा वर्षांची बंदी

माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाला मी अकरा वर्षं माझ्या दारात येऊ दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय ते ह्याच्यावरच उभं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दिल्लीत बसून कायदे करणाऱ्यांना चार गोष्टी सांगायची माझी लायकी नाही. पण बंदी घालणं म्हणजे काय आणि ती कुणाला लागते, एवढं मला चांगलं ठाऊक आहे.

आमचं गाव ईटच्या जवळ. बायकोचं माहेर परंड्याच्या पलीकडं. मोटारसायकलवर निघालं तर सव्वा तासाचा रस्ता.

भांडण झालं ते लेकीच्या लग्नात. आम्हाला एकच लेक, अणदूरला दिलेली. लग्न आमच्याच दारात होतं. नवरीला मांडवात तिचा मामा घेऊन येतो आणि अक्षता संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ती जागा मामाची. मेव्हणा त्या दिवशी सकाळीच टेम्पो भरून माणसं घेऊन निघाला होता आणि वाटेत टेम्पोचा पाटा तुटला. फोन लागेना. मुहूर्त आला. नवऱ्याकडची माणसं हातातलं घड्याळ दाखवायला लागली. बायको म्हणाली, "दहा मिनटं थांबा की. माझा भाऊ वाटंत हाय." मी थांबलो नाही. तिचा एक लांबचा चुलतभाऊ तिथंच होता, त्याच्या डोक्याला फेटा बांधला, मामा म्हणून उभा केला आणि अक्षता टाकून मोकळा झालो.

पहिली पंगत बसली तेव्हा मेव्हणा आला. घामानं भिजलेला, हाताला टेम्पोचं काळं लागलेलं. त्याच्या जागेवर दुसऱ्याला फेटा बांधलेला त्यानं बघितला. कुणीतरी त्याच्यासाठीही एक फेटा पुढं केला, तो त्यानं भर मांडवात फेकून दिला. म्हणाला, "माझी भाची माझ्याबिगर दिली. म्हंजी म्या मेलोच की तुमच्या लेखी."

व्याही बघत होते, सगळं गाव बघत होतं. मी म्हटलं, "मेलास तर मेलास. आजपासनं तू माझ्या दारात यायचं न्हाय, आन् माझ्या घरातलं कुणी तुझ्या दारात यायचं न्हाय."

रागाच्या भरात माणूस असं बोलतो आणि आठ दिवसांत विसरतो. मी विसरलो नाही. उलट त्याचा नियम करून ठेवला. राखी बंद, भाऊबीज बंद, पंचमीला माहेरी जाणं बंद, फोन बंद. तिची आई वारली तेव्हा मी तिला पाठवलं, एवढं कबूल. पण सांगून ठेवलं, माती झाली की संध्याकाळच्या गाडीनं परत. ती परत आली. चपला काढल्या आणि चूल पेटवली. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

मला वाटायचं, मी मेव्हण्याला शिक्षा करतोय. त्याचं काय बिघडलं? त्याची तूर येत होती, ऊस जात होता, पोरांची लग्नं झाली. शिक्षा माझ्याच स्वैंपाकघरात बसून भाकरी थापत होती आणि मी ती खात होतो.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला बार्शीला न्यायचं. सकाळी जीपमधी बसवायचं, दिवस मावळायच्या आत आणायचं. हाताच्या शिरा गाठीसारख्या झाल्या होत्या. एकदा येताना वाटेत ती म्हणाली, "अवं, माझ्या भावाला बोलवा. लई वाटायलंय बघावं."

मी म्हटलं, "बोलवतो की. पर आधी त्यानं फोन करावा. चूक कुणाची हाय?"

ती खिडकीतनं बाहेर बघायला लागली.

गावात एक रिटायर गुरुजी आहेत. त्यांना मी मध्ये घातलं. निरोप दिला : त्यानं माझ्या व्याह्यांसमोर कबूल करावं, की फेटा फेकला ही चूक झाली, मग यावं. गुरुजी बिचारे यष्टीनं परंड्याला गेले, तिथनं पुढं चालत गेले. परत आले ते उलटा निरोप घेऊन. मेव्हणा म्हणतो, आधी दाजींनी कबूल करावं की थांबायला पायजे हुतं. मी म्हटलं, हे जमणार नाही. गुरुजी दुसऱ्यांदा गेले. ह्या एकेका फेरीत आठ-आठ दिवस जात होते, कारण गुरुजींचंही वय झालेलं, आणि आम्हा दोघांना घाई नव्हती. घाई जिला होती तिचा निरोप कुणी नेतच नव्हतं. तिसऱ्यांदा जाताना गुरुजी माझ्यावर खवळले. "अरे, दोघांचीबी डोकी टकली झालीत. आता फेटा बांधायचा कुठं?" म्हणाले. तिसऱ्या फेरीला मेव्हणा तयार झाला. कसलीच अट नाही, रविवारी येतो, म्हणाला.

बुधवारी ती गेली.

आमच्याकडं बाई सवाष्ण गेली तर तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. त्यामुळं लेकीनं मामाला फोन केला. दोन तास सगळे थांबले. मी ज्याच्यासाठी दहा मिनटं थांबलो नव्हतो, त्याच्यासाठी त्या दिवशी अख्खं गाव दोन तास उन्हात बसून राहिलं. तो आला. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, सगळं घेऊन आला. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. तो रडत होता ते ऐकू येत होतं. मला मान वळवता आली नाही. राग नव्हता, देवाशपथ सांगतो. काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. माती झाल्यावर तो परस्पर निघून गेला.

पाचव्या का सहाव्या दिवशी लेकीनं माझ्यापुढं मूठभर शेंगा ठेवल्या. मी दोन फोडल्या आणि म्हटलं, "तुझी आई बाजारातनं आणायची तसल्या न्हाईत ह्या. त्या गोड असायच्या."

लेक म्हणाली, "आबा, त्या बाजारातल्या न्हवत्या. मामाच्या रानातल्या हुत्या."

"म्हंजी?"

"ईटचा बाजार असला की मामा पिशवी घिऊन यायचा. यष्टी थांबती त्याच्या मागं हॉटेल हाय न्हवं, तिथं दोघं बसायची. अर्धा घंटा. च्या प्यायची आन् आपापल्या वाटंनं जायची."

"किती दिवस चाललं हे?"

"दिवस? नऊ-धा वर्सं झाली असतील."

"आन् तुला म्हाईत हुतं?"

"सगळ्या गावाला म्हाईत हुतं, आबा. तुमास्नीच तेवढं सांगायचं न्हाय, असं ठरलं हुतं."

म्हणजे ज्याच्यावर मी बंदी घातली त्याच्या शेंगा मी दहा वर्षं खात होतो. वर म्हणत होतो, औंदा बाजारात शेंगा चांगल्या आल्यात. ती मान हलवायची. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला एकच दिसायला लागलं, की साठीला आलेली बाई हॉटेलाच्या मागच्या बाकावर बसली आहे, बशीत चहा ओतते आणि रस्त्याकडं बघते, की नवरा तर येत नाही. स्वतःच्या भावाबरोबर चहा प्यायला. चोरून. पांढऱ्या केसांनी.

त्याच आठवड्यात सरपंच आला. म्हणाला, "आबा, खासदार सायेब येणार हाईत तुमच्याकडं, दुखवट्याला." आमच्या भागात ही रीतच झाली आहे. कुणाचं मयत झालं की पुढारी सांत्वनाला येतात. घटकाभर सतरंजीवर बसतात, फोटो निघतो, पुढच्या गावाला जातात. आणि लोकांचीही रीत ठरलेली आहे. पुढारी मयताच्या घरात नाही म्हणू शकत नाही, म्हणून गावाचं अडलेलं काम त्या घरच्या माणसाच्या तोंडून काढायचं. आमच्या शिवारातली विजेची डीपी जळून दोन महिने झाले होते, विहिरींवरच्या मोटारी बंद होत्या. सरपंच म्हणाला, "तुमी फकस्त एवढंच म्हणा, सायेब, डीपीचं बघा. म्होरचं म्या सांभाळतो. तुमच्या शब्दाला आज वजन हाय, आबा. म्हैन्यानं राहणार न्हाय." तोंडावर बोलला. पण खरं तेच होतं. मी बरं म्हटलं.

त्या दिवसांत टीव्हीवर शेजारच्या देशाचं रोज चाललं होतं. ह्यांचं हे बंद करा, ते बंद करा, पाणी अडवा, माल अडवा, नाहीतर सरळ घुसा. घरात मयत असल्यामुळं आमचा टीव्ही बंद होता, पण शेजाऱ्याचा चालू होता आणि भिंत पातळ. मी पडल्या पडल्या ऐकत होतो.

नवव्या दिवशी खासदार आले. चार गाड्या. माणसं उतरता उतरेनात. अंगणात सतरंजी, समोर पाटावर बायकोचा फोटो, फोटोपुढं दिवा. खासदार मांडी घालून बसले, हात जोडले. बोलायला वाईट नव्हता माणूस.

"आबा, वाईट झालं. काय वय होतं ताईंचं?"

"कागदावर येगळं, खरं येगळं. पासष्टीच्या आत."

"आजारी होत्या?"

"व्हय."

आता ह्याच्यापुढं काय बोलणार? सरपंच माझ्या मांडीला कोपरानं ढोसत होता. तेवढ्यात खासदारांचा फोन वाजला. उठले नाहीत, तिथंच बोलले. "हो, परवा दिल्ली. अधिवेशन आहे ना. नाही, नाही, आता बोलणं-बिलणं काही नाही. सगळं बंद करायचं त्यांचं. टेकतील गुडघे. नाहीच टेकले तर दुसरा इलाज आहे आपल्याकडं." फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हां, आबा, बोला. काही काम?"

सरपंचानं कोपर आणखी जोरात मारलं. मी तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"सायेब, कुणाचं बंद करायचं म्हणलाव आत्ता?"

"ते? ते देशाचं चाललंय, आबा. टीव्हीवर बघितलं असेल."

"ऐकलंय. म्या एक सांगू का? रागावू नका."

"सांगा की."

मग मी सांगितलं. मांडवापासून शेंगांपर्यंत सगळं सांगितलं. पोरीनं दाराआडनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "सायेब, म्या अकरा वर्सं बंदी घातली. ज्याच्यावर घातली त्यो टुणटुणीत हाय. जिच्यावर घातली न्हवती, ती ह्या फोटुत हाय. आन् बंदी म्हणताव तर ती टिकलीबी न्हाय. माझ्याच घरात त्याचा माल येत हुता आन् म्याच खात हुतो. तुमी त्येंचं पाणी अडवताल, औषधं अडवताल, माल अडवताल. तिथंबी कुणाची तरी बायकू चुलीपुढं बसलीच असंल की. तिथल्या राज्य करणाऱ्याच्या ताटात काय कमी पडणार हाय? आन् लढाई केली तरी ती झाल्यावर एक दिवस समोरासमोर बसावंच लागतंय. मग मढी पडायच्या आधीच बसा की. बसताना 'आधी त्यानं' म्हणू नका. 'आधी त्यानं, आधी त्यानं' म्हणता म्हणता माझी चोवीस दिवसं गेली. त्येवढीच हुती तिच्याकडं."

खासदार म्हणाले, "आबा, घरचं भांडण आणि देशाचं एक नसतं. तुमच्या मेव्हण्यानं फेटा फेकला. ते माणसं मारतात. आपली माणसं मेलीत. त्यांच्या बायकांना काय सांगू मी, बोलणी करतोय?"

बोलणं रास्त होतं. मी म्हटलं, "मेलेल्याच्या बायकूला काय सांगावं ते मला ठावं न्हाय, सायेब. म्या मेलेलीचा नवरा हाय. मला सध्या कुणी काईबी सांगितलं तर पटत न्हाय. पर मला बरं वाटावं म्हणून आणिक कुणाची बायकू मरावी, असं न्हाय वाटत मला. मारणाऱ्याला धरा, शिक्षा करा, तुमचं कामच हाय ते. पर बोलायचं दार लावून घिऊ नका. दार लावलं की आत काय चाललंय ते लावणाऱ्यालाच कळत न्हाय. मला न्हाय कळलं."

खासदारांनी माझ्याकडं नीट बघितलं. हुशार माणूस. म्हणाले, "बरं, आबा. मग मेव्हण्याशी बोललात का तुम्ही?"

अंगणात कुणाला तरी हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"न्हाय," मी म्हटलं.

"का?"

मी फोटोपुढच्या दिव्याची वात सारखी करायला लागलो. खासदार उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटोला नमस्कार केला आणि गाड्या गेल्या. सरपंच शेवटच्या गाडीमागं डीपी, डीपी करत पळत गेला. परत आला तो धापा टाकत. "आबा, रानात लाईट न्हाय आन् तुमी परराष्ट्र खातं काढून बसलाव! घरातलं माणूस गेलंय म्हणून गप बसतो, न्हाईतर..." चार दिवसांनी पारावरनं जाताना पोरं मला म्हणायला लागली, "काय परराष्ट्र मंत्री, आज कुठला दौरा?" मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांची पिकं वाळत होती. सरपंचाची मी माफी मागितली. डीपी पुढं बसली, पण ती त्याच्या हेलपाट्यांनी. माझ्या शब्दानं नाही.

पण खासदाराचा सवाल डोक्यातनं काही जाईना. मी दुसऱ्याच्या दाराचं सांगत होतो आणि माझ्या दाराला कडी होती. जिच्यासाठी ती काढायची ती तर गेली. आता कशाला, असंही वाटायचं. खरं सांगतो, आता ह्या वयात कुणाशी गोड व्हायची ताकद उरलेली नाही. पण लेकीच्या तोंडाकडं बघितलं की कळायचं. ती आता माहेराला येणार ती माझ्यासाठीच, आणि मी किती दिवसांचा? माझ्यामागं तिला मामाचंच दार. ते मी लावून मेलो तर ते उघडायला कोण येणार? मेव्हणाही साठी ओलांडलेला. आम्हा दोघांपैकी एक जण गेला असता तर ती बंदी कायमचीच झाली असती. कुणी उठवणाराच उरला नसता.

तेरावा झाला, पाहुणे गेले, लेक अणदूरला गेली. दुसऱ्या दिवशी मी ईटवरनं यष्टी धरली. परंड्याला उतरून दुसरी गाडी, पुढं एक कोस पायी. वाटेत एकच वाक्य घोकत होतो, शाळेत पाढा घोकावा तसं. 'चूक माझी हुती, दहा मिनटं थांबायला पायजे हुतं.'

मेव्हणा ओट्यावर बाजेवर बसला होता. गुडघ्याला पट्टा. मला बघितलं आणि उठला नाही. त्याची बायको आतनं आली, तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तिथंच थबकली.

"बसा," तो म्हणाला.

अकरा वर्षांतला पहिला शब्द. मी बसलो आणि उभ्या उभ्या म्हणायचं म्हणून ठरवलेलं वाक्य बसून म्हटलं. "चूक माझी हुती. दहा मिनटं थांबायला पायजे हुतं."

तो गुडघा चोळत म्हणाला, "दहा न्हाय. पाऊण घंटा लागला मला. तुमी दहा मिनटं थांबला असताव तरी म्या काय गावलो नसतो."

"आँ? मग थांबायला पायजे हुतं असं कबूल करा म्हणून गुरुजींजवळ निरोप कशाला दिलास?"

"तुमी अट घातली म्हणून म्याबी घातली, दाजी. तुमी न्हाय म्हणलाव म्हणून म्याबी न्हाय म्हणलो. दुसरं काय हुतं त्यात?"

काहीच नव्हतं. चोवीस दिवस आणि अकरा वर्षं, आत काहीच नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. नुसता थकवा आला, दिवसभर दगड उचलल्यासारखा. त्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं. मी प्यालो.

तो म्हणाला, "शेवटच्या बाजाराला आली तवा तिचे हात बघितले म्या. म्हणलो, आक्का, आज म्या तुझ्यासंगं घरीच येतो. दाजी मारू देत न्हाईतर हाकलू देत. तर म्हणली, नगं. त्येंचा सबूद मोडंल. समद्या गावासमोर बोललेत, आता ह्या वयात त्येंचा सबूद मोडू नगंस."

मला वाटत होतं, ती मला भीत होती म्हणून चोरून जात होती. तसं नव्हतं. ती माझा शब्द सांभाळत होती. ज्या शब्दाला आत काहीच नव्हतं, तो ती बाई पिशवीतल्या शेंगांखाली झाकून दहा वर्षं नेत-आणत होती.

कायदे करणाऱ्यांना मला हे सांगायचं आहे. तुम्ही सभागृहात उभं राहून जो शब्द टाकता, त्याला टाळ्या पडतात. तो शब्द मग खाली येतो आणि कुणाच्या तरी घरात जाऊन बसतो. जे घर तुम्ही बघितलेलं नसतं, तिथं. इकडंही बसतो, तिकडंही बसतो. तिथली माणसं तो सांभाळतात, आपला जीव आखडून. आणि तुम्हाला वाटतं, आपला शब्द चालला. मागं घेतला तर नाक जाईल असं वाटत असेल. माझं काही गेलं नाही. मी तो शब्द मागं घेतला, तेव्हा ओट्यावर फक्त तीन माणसं होती आणि एक शेळी.

जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. पिठलं, भाकरी. भाकरी तिच्याच माहेरची, तशीच जाड काठाची. निघालो तेव्हा मेव्हणा काठी घेऊन संगं आला. नको म्हटलं तरी फाट्यापर्यंत आला, एवढा दुखरा गुडघा घेऊन.

वाटेत मी त्याला खासदाराचं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो थांबला. "दाजी, हे मातर चुकलं तुमचं. असल्यांस्नी ठोकायलाच पायजे. बोलून काय हुतंय?"

"आरं, आत्ता आपून काय करायलोय?"

"आपलं येगळं. तुमी काय बंदूक घिऊन आलताव का?"

"बंदूक नसंल. पर जीभ काय कमी हुती व्हय?"

"तरीबी ठोकायलाच पायजे. एकदा कायमचं."

"तुझ्या घरातलं कोण जाणार हाय ठोकायला?"

"घरातलं न्हाय जाणार म्हणून म्या बोलायचं न्हाय का?"

"न्हाय. गप बस मग."

"गप कशाला बसू? अकरा वर्सं गपच हुतो की!"

फाट्यावर आलो तेव्हा आमचे आवाज चांगलेच चढले होते. रस्त्याच्या कडेला गवताचे भारे घेऊन बसलेल्या बाया आमच्याकडं बघत होत्या. यष्टी आली, थांबली. मी त्याला सांगत होतो की पाणी अडवलं तर आधी कुणाचं रान वाळतं, आणि तो काठी आपटून सांगत होता की मला काडीची अक्कल नाही. कंडक्टरनं दारातनं डोकं बाहेर काढलं. "ओ म्हातारं, चढताव का भांडताव?"

"थांब जरा," मेव्हणा त्याच्यावरच ओरडला. "दिसत न्हाय का, बोलायलोय!"

कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी गेली. पुढची पाचला होती. आम्ही फाट्यावरच्या दगडावर बसलो. त्यानं गुडघ्याचा पट्टा सैल केला, तंबाखूची पिशवी काढली, माझ्यापुढं धरली.

"हां," तो म्हणाला, "तर पाण्याचं काय म्हणत हुताव?"